बाप्तिस्म्यांची खानेसुमारी

धर्मप्रसारक म्हटले की मराठी वाचकाच्या मनश्चक्षूंपुढे जी मूर्ती उभी राहते ती बहुधा ख्रिस्तपुराणकर्त्या फादर स्टीफन्सची, नाही तर मुंबईच्या डॉ. जॉन विल्सनची, म्हणजे शास्त्राध्ययनात हयात घालवलेल्या, देशी भाषांत पारंगत झालेल्या आणि वादसभेत प्रतिपक्षाच्या पंडितांशी दोन हात करणाऱ्या व्युत्पन्न पाद्र्याची असते. अमेरिकेतील यूटा राज्यात ज्याचे मुख्य पीठ आहे तो मॉर्मन पंथ मात्र जगभर ज्यांची रवानगी करतो, ती बहुतांशी अठरा-एकोणीस वर्षांची, शाळेतून नुकतीच बाहेर पडलेली मुले असतात. त्यांच्यापाशी धर्मशास्त्राची पदवी नसते, त्यांना वेतन नसते आणि कोणत्या मुलखात जावयाचे याची निवडही त्यांच्या हाती नसते. या व्यवस्थेविषयी माझे मत आरंभीच सांगून टाकतो: या तरुणांची सेवा मला आदरणीय वाटते, आणि तिचे मोल बाप्तिस्म्यांच्या आकड्यांनी ठरवण्याचा शिरस्ता त्या सेवेचाच घात करणारा वाटतो.

जोसेफ स्मिथ याने १८३० साली न्यूयॉर्क राज्यात हा पंथ स्थापन केला आणि त्याच वर्षी ‘मॉर्मनचे पुस्तक’ हा ग्रंथ छापून प्रसिद्ध केला. बायबलच्या जोडीने हा ग्रंथही ईश्वरप्रणीत मानणे ही या पंथाची विशेष श्रद्धा होय. परदेशातील सेवेची मुदत पुरुषांस चोवीस महिने व स्त्रियांस अठरा महिने. अर्ज सॉल्ट लेक सिटीच्या मुख्य कचेरीत जातो आणि तेथून नेमणुकीचे पत्र येते. पूर्वी हा लखोटा टपालाने येई आणि आजी-आजोबांपासून शेजाऱ्यापाजाऱ्यांपर्यंत सारी मंडळी भोवती जमवून तो फोडला जाई. आता पत्र संगणकावर येते, पण मंडळी मात्र तशीच जमतात. खर्च ज्याचा त्याने, म्हणजे स्वतःच्या शिलकीतून वा आईबापांच्या मदतीने, सोसावयाचा. २०२० पासून अमेरिकन कुटुंबांस तो दरमहा पाचशे डॉलर पडतो, मग नेमणूक स्वस्त देशात होवो वा महागड्या. प्रोव्हो येथील प्रशिक्षणकेंद्रात काही आठवडे परभाषेचे धडे घ्यावयाचे आणि मग एका जोडीदारासह, जो आपण निवडलेला नसतो आणि ज्याला क्षणभरही दृष्टीआड होऊ द्यावयाचे नसते, अनोळखी शहरात जाऊन राहावयाचे. बदल्यांचा हुकूम दर सहा आठवड्यांनी निघतो. पहिल्या नावाने तेथे प्रचारकाला कोणीही हाक मारीत नाही. आडनावापुढे ‘एल्डर’ अथवा ‘सिस्टर’ लावून त्याला ओळखले जाते. २०१९ च्या फेब्रुवारीपर्यंत घरी दूरध्वनी करण्याची मुभा वर्षातून दोनदाच, नाताळास आणि मातृदिनी, असे. आता ती आठवड्यातून एकदा मिळते, आणि हा बदल फार अगोदर व्हावयास हवा होता असे मला वाटते.

एखाद्या जपानी शहरातला त्यांचा दिवस पाहण्यासारखा असतो. पहाटे साडेसहाला उठून प्रार्थना, व्यायाम, ग्रंथवाचन आणि भाषेचा अभ्यास आटोपला की पांढरा सदरा, गळ्यात टाय, डोक्यावर शिरस्त्राण आणि छातीवर जपानी लिपीत नाव कोरलेली काळी पट्टी अशा वेषात दोघे सायकलींवर बाहेर पडतात. दारापाशी घंटी दाबावी तो भिंतीतील यंत्रातून अत्यंत नम्र स्वरात नकार येतो. दार उघडतही नाही. असे नकार पचवीत गल्लीमागून गल्ली सरते. क्वचित एखादी वृद्धा दार किलकिले करते, जोडे काढण्याच्या उंबऱ्यालगतच्या पायरीवर त्यांना बसवते आणि हिरव्या चहाचा पेला पुढे करते. पण १८३३ पासून चालत आलेल्या पथ्यानुसार चहा, कॉफी, मद्य व तंबाखू या पंथास वर्ज्य. तेव्हा आतिथ्याचा मान राखून चहा कसा नाकारावा, हे नवख्या मुलाला शिकावे लागणाऱ्या पहिल्या गोष्टींपैकी एक होऊन बसते. भाजलेल्या जवाचे ‘मुगिचा’ नावाचे पेय त्यांना चालते, आणि हे ठाऊक असलेल्या घरी ते न मागता समोर येते. संध्याकाळी सभागृहात इंग्रजी संभाषणाचा विनामूल्य वर्ग घ्यावयाचा असतो. त्याला येणाऱ्यांपैकी पुष्कळांना धर्माशी काही कर्तव्य नसते, पण ती माणसे नियमाने येतात, हसतात, चुका करतात. साडेदहाला दिवा मालवला जातो.

पुण्यात माधुकरी मागून विद्या करणाऱ्या गरीब मुलाला दारोदारच्या होकार-नकारांतून जे शिक्षण मिळे, तेच या मुलालाही मिळते. फरक इतकाच की माधुकऱ्याच्या झोळीत पडणारे अन्न त्याच्या पोटाला लागे, आणि हा मात्र ज्याची कोणी मागणी केली नाही अशी वस्तू देण्यासाठी दाराशी उभा असतो. ती देणगी नाकारली जाण्यात त्याचे अहित आहे असे मी मानीत नाही. घरच्या चर्चमध्ये लहानपणापासून ‘हे सत्य आहे हे मी जाणतो’ असे त्याने सवयीने म्हटलेले असते. येथे मात्र ओसाकाचा एखादा निवृत्त कारकून त्याला शांतपणे विचारतो की बाबा रे, तू हे जाणतोस ते कशावरून, आणि त्या क्षणी पाठांतर उपयोगी पडत नाही. प्रार्थनेचेही असेच होते. स्वभाषेत जिभेवरून सुलभपणे वाहणारी वाक्ये अडीचशे शब्दांच्या तुटपुंज्या जपानीत मांडावयाची वेळ आली, की अलंकार गळून पडतात आणि परमेश्वराकडे आपणांस खरोखर काय हवे आहे तेवढेच मागावे लागते. भाविकपणाची याहून कठोर कसोटी मला माहीत नाही. कदाचित एकच असेल, ती म्हणजे ज्या जोडीदाराचे घोरणे, अबोला वा वरचढपणा असह्य झाला आहे त्याच्याशीच रात्री गुडघे टेकून एकत्र प्रार्थना करणे. या मुलांची खरी साधना दारावर घडते त्याहून अधिक त्या एका खोलीत घडते, अशी माझी समजूत आहे.

जपानमधील या कार्याचा इतिहासच माझ्या मुद्द्याच्या बाजूने साक्ष देतो. १९०१ च्या ऑगस्टमध्ये हीबर ग्रँट हे तिघा सहकाऱ्यांसह योकोहामाला उतरले. त्या तिघांतील धाकटा अल्मा टेलर अवघा एकोणीस वर्षांचा होता. ग्रँट दोन वर्षांत स्वदेशी परतले, टेलर मात्र १९१० पर्यंत राहिला, आणि जपानी भाषेत इतका मुरला की ‘मॉर्मनच्या पुस्तका’चे भाषांतर त्याने केले, इकुता चोको या साहित्यसमीक्षकाने त्या भाषेवर संस्कार केल्यावर ते १९०९ मध्ये प्रसिद्ध झाले. इतके होऊनही १९२४ पर्यंतच्या तेवीस वर्षांत बाप्तिस्मे झाले ते १६६. त्या वर्षी अमेरिकेने कायदा करून जपानी लोकांस आपले दार बंद केले आणि दोन्ही राष्ट्रांत कटुता आली. त्याच साली ग्रँट यांनी, जे एव्हाना पंथाचे अध्यक्ष झाले होते, स्वतःच उघडलेले ते मिशन बंद केले. दप्तराच्या दृष्टीने त्यात काहीच गैर नव्हते. पण नारा फुजिया नावाचा रेल्वेतला एक नोकर मागे उरलेल्या मूठभर सहधर्मीयांना पत्रांनी आणि छोट्याशा नियतकालिकाने एकत्र धरून राहिला, ही गोष्ट कोणत्या रकान्यात मांडावयाची?

महायुद्ध संपल्यावर, मिशन पुन्हा उघडण्यापूर्वीच, नागोयाजवळच्या नारुमी गावात आणखी एक प्रसंग घडला. पराभूत, अन्नान्नदशा झालेल्या त्या मुलखात अमेरिकन फौजेतील काही मॉर्मन शिपायांस सातो तात्सुई नामक गृहस्थाच्या घरी चहा देण्यात आला आणि त्यांनी तो विनयाने नाकारला. जेत्याच्या गणवेषातील तरुण आपल्या धर्माचे पथ्य म्हणून पेला परत करतो, याचे सातो यांस आश्चर्य वाटले. त्यांनी कारण विचारले, बोलणे वाढत गेले, आणि १९४६ च्या जुलैत सातो व त्यांची पत्नी चियो या दोघांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे १९५७ मध्ये ‘मॉर्मनच्या पुस्तका’चे नवे जपानी भाषांतर सातो यांच्या हातून झाले. ते शिपाई धर्मप्रचारासाठी तैनात नव्हते, त्यांच्यावर कोणताही आकडा भरून देण्याची सक्ती नव्हती, आणि म्हणूनच त्यांच्या नकारावर त्या घराचा विश्वास बसला, असे मला निश्चितपणे वाटते.

उलट, आकड्याचा हव्यास धरला की काय होते हेही या पंथाने भोगले आहे. १९६० च्या दशकाच्या आरंभी ब्रिटनमध्ये शाळकरी पोरांना बेसबॉलच्या खेळात ओढून घेऊन त्यांचे बाप्तिस्मे उरकण्यात आले. आपण कोणत्या पंथात दाखल झालो याची त्यांतील अनेकांना समज नव्हती. १९८० च्या आसपास टोकियोच्या दक्षिण भागातही असाच घाईचा काळ येऊन गेला: रस्त्यात गाठ पडलेल्या तरुणाला थोडक्या भेटींतच पाण्यात उतरवावयाचे, नाव नोंदवहीत चढवावयाचे आणि पुढच्याच्या मागे लागावयाचे. ती माणसे पुढे उपासनेस फिरकली नाहीत. त्या तरुण प्रचारकांना मी दोष देणार नाही. वीस वर्षांच्या मुलाला दर आठवड्यास किती जण झाले असे विचारीत गेले, तर तो माणसांकडे संख्या म्हणूनच पाहू लागणार. २००४ साली निघालेल्या मार्गदर्शिकेत प्रचारकाचे यश इतरांच्या निर्णयावर नव्हे, तर त्याच्या निष्ठेवर अवलंबून असते असे सांगितले आहे खरे, पण साप्ताहिक अहवालात बाप्तिस्म्यांचा रकाना कायमच आहे.

आपल्याकडील वाचक विचारील की धर्मांतर हा जेथे वादाचा विषय आहे त्या देशातल्याने या पंथाच्या अंतर्गत कारभाराची चिंता का वाहावी. या पंथाचा एक प्रचारक, ह्यू फिंडले, १८५२ सालीच मुंबईस उतरला होता आणि पुण्याच्या गोऱ्या शिपायांत त्याने उपदेश केला. लष्करी अधिकाऱ्यांनी छावणीत मनाई केली, हाती मोजकी माणसे लागली आणि काही वर्षांत ते काम संपले. पण माझे कारण याहून निकटचे आहे. ज्यांना धर्मांतर खटकते त्यांची खरी तक्रार बहुधा श्रद्धेविषयी नसून गणतीविषयी असते. माणूस शिकार म्हणून मोजला जातो आहे, हा संशय त्यांना डाचतो. सायकलवरचा तो मुलगा माझ्या दारी आला तर त्याच्या मताशी सहमत न होताही मी त्याला बसवून पाणी देईन आणि त्याच्या गावची चौकशी करीन, आणि त्या तासाभराची कोणत्याही दप्तरात नोंद होऊ नये असे मला वाटेल.

मुदतीपूर्वी परतणाऱ्या मुलांविषयीही बोलले पाहिजे. कोणी आजाराने खचतो, कोणाला दिवसचे दिवस छातीत धडधड होऊन झोप लागत नाही, कोणाचा विश्वासच त्या निवृत्त कारकुनाच्या प्रश्नाने हलतो आणि जे मनात नाही ते दारोदार सांगणे त्याला अप्रामाणिक वाटू लागते. या शेवटच्याची सचोटी मला कोणत्याही यशस्वी अहवालाइतकी मोलाची वाटते. पण घरी त्याच्या वाट्याला येते ती कुजबुज आणि आईच्या चेहऱ्यावरची लाज. चोवीस महिने पुरे करून येणाऱ्यासाठी फलक आणि फुगे घेऊन जे आप्तेष्ट सॉल्ट लेकच्या विमानतळावर दाटी करतात, त्यांनी सातव्या महिन्यात येणाऱ्यासाठीही त्याच जागी, तितक्याच संख्येने उभे राहावे.