पायाला मलम की बसायला स्टूल?



दिवसभर उभ्याने राबणाऱ्या माणसाचे पाय संध्याकाळी बोलू लागतात. धुणीभांडी करणारी भगिनी असो, साडीच्या दुकानातील मुलगी असो, सफाई कामगार असो की वॉचमन. घरी आल्यावर तक्रार एकच. पाय भरून आले, पोटऱ्या ओढतात, घोट्यावर सूज आहे. पुष्कळ भगिनींच्या मांडीवर, गुडघ्यामागे आणि घोट्याजवळ कोळ्याच्या जाळ्यासारख्या निळ्या-तांबड्या बारीक शिराही दिसतात. टीव्हीवर आणि मोबाईलवर जाहिरात येते की अमुक मलम लावा, महिन्यात शिरा गायब! पोटाला चिमटा घेऊन अशा ट्यूबा घेतल्या जातात. म्हणून या आठवड्यात या मलमाचा विचार करू.

आधी दुखणे समजून घेऊ. पायात आलेले रक्त हृदयाकडे परत वर चढवावे लागते. हे काम मुख्यतः पोटरीचे स्नायू करतात. आपण चालतो तेव्हा ते आवळतात आणि शिरांतील रक्त वर ढकलतात. ते पुन्हा खाली घसरू नये म्हणून शिरांच्या आत लहान लहान झडपा असतात. माणूस तासन्‌तास एका जागी उभा राहिला की पोटरीचा हा पंप थांबतो, रक्त खाली साचते आणि शिरांवर दाब वाढतो. झडपा निकामी झाल्या की शिरा फुगतात. कातडीतल्या बारीक शिरा फुगल्या तर जाळी दिसते. मोठ्या फुगल्या तर दोरीसारखी वेटोळी दिसतात, त्यांना डॉक्टर व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात. आनुवंशिकता, बाळंतपणे, वाढते वय आणि वजन हीही कारणे आहेत. यात कोणाची करणी नाही की मागल्या जन्मीचे पाप नाही!

तथागतांनी केसपुत्त येथील कालामांना उपदेश केला की, केवळ ऐकीव आहे म्हणून काही मानू नका, स्वतः पारखून घ्या. जाहिरातीलाही हाच नियम लावला पाहिजे. म्हणून आमच्या विहारातील महिला मंडळाच्या सहा भगिनींना घेऊन आम्ही हे मलम पारखायचे ठरविले. वर्गणी काढून ट्यूबा आणल्या. उजव्या पायाला मलम, डाव्या पायाला घरातले साधे खोबरेल तेल. रोज रात्री आडवे पडून, पाय उशांवर उंच ठेवून, घोट्याकडून गुडघ्याकडे हलक्या हाताने दहा मिनिटे चोळायचे. शिवणकाम करणाऱ्या एका भगिनीने आपल्या टेपने दर रविवारी सर्वांच्या घोट्याचे माप घेतले. असे चार आठवडे चालले.

निष्कर्ष काय? मलमाचा पाय लगेच गार वाटे. परंतु झोपेपर्यंत दोन्ही पाय सारखेच हलके होत. सूज दोन्हीकडे सारखीच उतरली. निळ्या शिरा जिथे होत्या तिथेच राहिल्या. एकीला मलमाच्या पायावर खाज आणि पुरळ आले, म्हणून तिने ते सोडले. सहा जणींवरून शास्त्र सिद्ध होत नाही हे खरे. पण डॉक्टरांचे म्हणणेही याहून वेगळे नाही. मलमातील मेंथॉलमुळे कातडीला गारवा जाणवतो, तेवढ्यापुरते बरे वाटते. मात्र बिघडलेली झडप मलमाने दुरुस्त होत नाही आणि फुगलेली शीर मिटत नाही. शिरा घालवायच्याच असतील तर त्यात इंजेक्शन देण्याचा किंवा लेसरचा उपचार तज्ज्ञ डॉक्टर करतात.

मग आराम कशाने पडला? दहा मिनिटे पाय उंच करून पडण्याने! आणि ते फुकट आहे.

घरातल्या प्रत्येकाने एवढे करावे. पाय छातीच्या पातळीहून वर येतील असे टेकवून दिवसातून दोन-तीन वेळा पंधरा मिनिटे पडावे. उभ्याने काम करताना मधूनमधून टाचा वीस वेळा उचलाव्यात, चार पावले चालावे. दाब देणारे लांब मोजे उपयोगी आहेत, पण ते पायाचे माप देऊन आणि डॉक्टरांना विचारूनच घ्यावेत. मधुमेह असेल किंवा पायाचा रक्तपुरवठा कमी असेल तर ते अपाय करू शकतात.

काही लक्षणांत मात्र घरगुती उपाय करीत बसू नये. एकच पाय अचानक सुजला, दुखू लागला, गरम लागला तर शिरेत रक्ताची गाठ असू शकते. अशा वेळी पाय चोळू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. त्यातच धाप लागली किंवा छातीत दुखले तर क्षणाचाही विलंब नको. घोट्याजवळची कातडी काळवंडली, जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तरीही डॉक्टरांना दाखवावे. शीर फुटून रक्त आले तर आडवे पडून पाय उंच करावा, स्वच्छ कापडाने दहा मिनिटे दाबून धरावे आणि मग दवाखान्यात जावे.

आता मूळ प्रश्न. दिवसा दहा तास उभे करणारे काम आणि रात्री दहा मिनिटांची विश्रांती, हा हिशेब जुळणार कसा? बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळीत होते. १९४६ च्या दुरुस्तीने वर्षभर चालणाऱ्या कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. पुढे १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ४४ व्या कलमाने, उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसण्याची सोय ठेवणे बंधनकारक केले. दुकानांतील भगिनी मात्र उभ्याच राहिल्या. केरळात कोझिकोडच्या विजी पेनकूट्टू आणि त्यांच्या सहकारी भगिनींनी याविरुद्ध संघटना बांधली, आणि २०१८ साली तेथे दुकानांतील कामगारांना बसण्याचा हक्क कायद्याने मिळाला. २०२१ साली तामिळनाडूनेही तसा कायदा केला.

हा हक्क कोणी दयेने दिला नाही, संघटनेने मिळविला. आपली मुलगी दुकानात उभी असेल तर तिने एकटीने नव्हे, सर्व सहकाऱ्यांना घेऊन मालकाकडे स्टूल मागावे. आणि घरी आलेल्या बाईला पाणी देऊन आधी बसवावे, स्वयंपाकाचे मग पाहू. पुरुषांनी आणि मुलांनी भाकरी थापल्याने कोणाची प्रतिष्ठा कमी होत नाही. मलमाचे पैसे वाचतील, ते मुलांच्या वह्यांना लावावेत.

जयभीम! नमो बुद्धाय!