बारापेडेची वटवाघळे आणि तळेवाडीचे स्थलांतर

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील तळेवाडी हे भीमगडच्या अरण्यातले चिमुकले गाव. एका दुर्मीळ वटवाघळामुळे त्याचे नाव शतकापूर्वीच प्राणिशास्त्राच्या नोंदींत गेले. २०२५ मध्ये तेथील कुटुंबांना स्वेच्छा-स्थलांतराची भरपाई मिळू लागली आणि ते गाव पुन्हा चर्चेत आले. वन्यजीवांचे रक्षण आणि माणसांचे विस्थापन यांचा अवघड हिशेब या घटनेमागे आहे.

तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेत आढळलेल्या या प्रजातीला १९१३ मध्ये ओल्डफील्ड थॉमस यांनी शास्त्रीय नाव दिले, ते मुंबई इलाख्यातील वनाधिकारी रॉटन यांच्या सन्मानार्थ. मोठे कान आणि पडद्याबाहेर आलेली मोकळी शेपटी ही तिची खूण. पुढे अनेक दशके ही गुहा हेच तिचे जगातील एकमेव ज्ञात वसतिस्थान होते. नंतर मेघालय आणि कंबोडियातही ती सापडली. १९९६ मध्ये अतिसंकटग्रस्त ठरलेली ही प्रजाती २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय यादीत ‘अपुरी माहिती’ या वर्गात गेली. या बदलाचा अर्थ धोका टळला असा नव्हे. धोक्याचे मोजमापच झालेले नाही, एवढाच आहे.

भारतीय कायद्याने तिला वाघाच्या बरोबरीने पहिल्या अनुसूचीत स्थान दिले आणि २०११ मध्ये भीमगड अभयारण्य घोषित झाले. परंतु वटवाघळाची मादी सहसा वर्षाला एकाच पिलाला जन्म देते. गुहेत माणसांचा वावर, प्रकाश वा धूर वाढला, तर विस्कटलेली वसाहत सावरायला कित्येक वर्षे लागतात. त्यातच म्हादईचा उगम याच अरण्यातला. जलविवाद लवादाने २०१८ मध्ये कर्नाटकाला १३.४२ टीएमसी पाणी दिल्यापासून कळसा-भांडुरा प्रकल्पाचे सावट या खोऱ्यावर आहे.

येथेच धोरणातील विसंगती उघड होते. रस्ता, वीज आणि दवाखाना यांसाठी वर्षानुवर्षे तिष्ठत राहिलेल्या गावकऱ्याने पंधरा लाखांचा पर्याय स्वीकारला, तर त्याला निखळ स्वेच्छा म्हणता येईल काय? आणि गाव उठले तरी पाणी वळविण्याची योजना कायम राहणार असेल, तर अरण्याच्या पदरात नेमके काय पडले?

वटवाघळांविषयीची भीतीही त्यांच्या मुळावर येते. जेद्दात २०१२ मध्ये मर्स आजार प्रथम ओळखला गेला, तेव्हा संशयाची सुई वटवाघळांकडे वळली. पुढे माणसाला होणाऱ्या संसर्गाचा प्रमुख स्रोत उंट असल्याचे दिसून आले. भयापोटी गुहा उद्ध्वस्त करणे हा उपाय नव्हे. कीटकभक्षी वटवाघळे शेतीवरील किडींना आवर घालतात, हा लाभही विसरता येत नाही.

बारापेडेसाठी नियमित गणना, पर्यटनबंदी आणि स्थानिकांमधूनच नेमलेले राखणदार ही किमान तजवीज आवश्यक आहे. पिढ्यान्‌पिढ्या त्या वाटा तुडवणारी माणसे दूर गेल्यावर गुहेची खबर कोण ठेवणार, याचे उत्तर भरपाईच्या धनादेशात नाही.