शाहिराला सोवळे कशाला?

कलावंताने राजकारणात पडू नये, हा उपदेश गुम्मडी विठ्ठलराव ऊर्फ गद्दर यांना मरणोत्तरही ऐकवला जातो, याचे आम्हांस नवल वाटते. १९७९ च्या ‘मा भूमी’त पडद्यावर गायिलेला, १९९७ च्या हल्ल्यातील एक गोळी अखेरपर्यंत पाठीत वागविणारा हा तेलंगणाचा शाहीर २०१८ त प्रथम मतदान करतो, २०२३ त पक्ष काढतो, आणि तेव्हा म्हणे तो राजकारणी होतो! ज्या तेलंगणात, आदिलाबादेतील इंद्रवेल्लीस, २० एप्रिल १९८१ रोजी जमिनीचा हक्क मागणाऱ्या गोंडांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, तेथे शाहिराने काय नुसते ऋतुवर्णन गावे? संयुक्त महाराष्ट्रासाठी अमर शेख गायिले, गोव्याच्या १९६७ च्या जनमत कौलात उल्हास बुयांव गायिले. त्यांना आपण डोक्यावर घेतलेच ना? आता सरकारने चित्रपट-पुरस्कारांना गद्दर यांचे नाव दिले आहे. नाव घ्यावे नि राजकारण गाळावे, ही सोय आम्हांस मान्य नाही.