गाडीतला मंद उजेड

मैत्रिणींनो, रात्रीच्या प्रवासात बाळाची बाटली पायाशी पडते. शोधायला छतावरचा दिवा लावावा, तर समोरच्या काचेत गाडीचेच प्रतिबिंब दिसते आणि बाहेरचा अंधारा रस्ता नीट दिसेनासा होतो. बाळ उठते ते वेगळेच! त्यापेक्षा पुढच्या सीटखाली एलईडीची पट्टी लावून बघा. खर्चही बेताचाच.

पिवळसर उजेडाची मीटरभर पट्टी पुरते. ५ व्होल्टची, यूएसबीवर चालणारी घेतलीत तर चार्जरमध्ये खोचली की झाले. १२ व्होल्टची असेल, तर ती जाणत्या इलेक्ट्रिशियनकडूनच जोडून घ्या आणि १ अँपियरचा फ्यूज घालायला लावा. "एवढ्याशा पट्टीला फ्यूज कशाला?" असे तो म्हणाला तरी ऐकू नका. फ्यूजवाचून वायर कुठे घासून उघडी पडली, तर ती तापून पेट घेऊ शकते.

आधी जागा स्पिरिटच्या बोळ्याने पुसून कोरडी करा, म्हणजे पट्टी सुटत नाही. उजेड मागच्या सीटच्या पायाशी पडावा, दिवे मात्र डोळ्यांना दिसू नयेत. वायर मॅटखालून न्या. पेडलांजवळ ती लोंबू देऊ नका, एअरबॅगच्या जागेवरूनही नेऊ नका. शेवटी सीट पुढेमागे सरकवून वायर अडकत नाही ना, तेही पाहा.

आणि हो, उतरताना पट्टी आठवणीने बंद करा. नाहीतर बॅटरी उतरायची!