आवाज कुणाचा?

तुळशीच्या लग्नाला बडोद्याला ताईकडे गेलो, तर बॅग खाली ठेवायच्या आतच भाच्यानं मला गॅलरीत ओढलं. "मामा, तू पत्रकार आहेस ना? मग आईला जरा समजाव."

समजवायचं होतं ते असं. भाच्यानं नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एक जुनी गाडी घेतली. छोटीच, पण टर्बो इंजिनाची आणि पळायला चपळ. त्याच्या लेखी ती स्पोर्ट्स कारच! तिच्या मागच्या सायलेन्सरला गंजून भोक पडलं होतं. तो बदलणं भागच होतं. कंपनीचा सायलेन्सर बसवला तर नऊ हजारांत काम होणार होतं. पण मित्रमंडळींनी डोक्यात भरवलं, की आता बदलतोच आहेस तर मागची सगळी सिस्टिमच बदल. स्टेनलेस स्टीलची, जाड पाइपाची, दोन तोंडांची. खर्च पंचेचाळीस हजार. दिवाळीचा बोनसही नेमका तेवढाच मिळाला होता.

ताईचा मुद्दा एका वाक्यात संपत होता. "पैसे तुझे, पण कान सगळ्या सोसायटीचे." समोरच्या फ्लॅटमध्ये केरळची एक नर्स राहते. रात्रपाळी करून सकाळी घरी येते आणि दिवसा झोपते. ताईला तिची काळजी. भाच्याला वाटत होतं, आईला गाड्यांतलं काही कळत नाही.

आता मामा म्हणून माझी पंचाईत. कॉलेजात असताना मीसुद्धा बाबांच्या मोटारसायकलच्या सायलेन्सरमधली जाळी काढून गल्लीभर मिरवलो होतो. तेव्हा उपदेश करण्याआधी विषय नीट समजून घ्यायचं ठरवलं. दोन दिवस मेकॅनिकांना भेटलो, पुस्तकं चाळली. त्यातून जे हाती लागलं, ते वाचकांच्याही उपयोगी पडेल.

सायलेन्सर करतो तरी काय?

इंजिनातून धूर सलग बाहेर पडत नाही, धक्क्याधक्क्यानं पडतो. मिनिटाला हजारो छोटे स्फोट. तो धूर आधी कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधून जातो. तिथे प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा मौल्यवान धातूंचा पातळ थर असतो आणि त्याच्या संपर्कात विषारी वायूंचं बरंचसं रूपांतर कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि नायट्रोजन यांत होतं. आपल्याकडे १ एप्रिल १९९५पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना तो सक्तीचा झाला. कन्व्हर्टरच्या पुढे सायलेन्सर असतो. त्याच्या पोटातले कप्पे आणि भोकं पाडलेल्या नळ्या आवाजाच्या लाटा एकमेकींवर आदळवून त्यांचा जोर मोडतात.

मग तो गंजतो का? तर पाण्यानं. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं आणि ते वाफेच्या रूपानं बाहेर पडतं. सकाळी गाडी सुरू केल्यावर मागून थेंब ठिबकतात, ते हेच पाणी. गाडी लांब चालली तर सायलेन्सर तापून कोरडा होतो. घर ते ऑफिस अशी दोन-तीन किलोमीटर चालणारी गाडी मात्र आतून ओलीच राहते आणि गंजत जाते. भाच्याची गाडी तशीच चालत होती.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. गाडीचा आवाज एकाएकी फाटला किंवा आत बसल्यावर धुराचा वास आला, तर "बघू पुढच्या सर्व्हिसिंगला" म्हणू नये. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही आणि बंद गाडीत तो जिवावर बेततो.

'सायलेन्सर बदलला की गाडी पळते'

ही समजूत आली कुठून? ती अगदीच खोटी नाही. एके काळी ती शंभर टक्के खरी होती, पण टू-स्ट्रोक इंजिनांच्या बाबतीत. पूर्व जर्मनीतल्या एमझेड कंपनीत वॉल्टर काडेन नावाचा इंजिनिअर होता. १९५०च्या दशकात त्यानं मधेच फुगलेल्या आणि पुढे निमुळत्या होणाऱ्या पाइपाचं तंत्र विकसित केलं. इंजिनातून निसटलेलं ताजं पेट्रोल-हवेचं मिश्रण हा पाइप आवाजाच्या लाटेनंच परत आत ढकलायचा. १९६१ साली त्याच्या १२५ सीसीच्या इंजिनानं सुमारे २५ अश्वशक्ती दिली. त्याच वर्षी त्यांचा रेसर एर्न्स्ट डेगनर स्वीडनमधल्या शर्यतीच्या वेळी पळून पश्चिमेत गेला. जाताना हे ज्ञान तो बरोबर घेऊन गेला आणि १९६२ साली त्यानं सुझुकीला ५० सीसी गटाचं जगज्जेतेपद मिळवून दिलं.

आपल्याकडच्या आरएक्स १०० आणि राजदूत ३५०च्या पिढीनं पाइप बदलून जो वेग चाखला, त्याच्या मागे हेच तंत्र होतं. पण आजची मोटार फोर-स्ट्रोक असते. टर्बो गाडीत धूर आधी टर्बोचं चक्र फिरवतो आणि तिथेच त्याचा बराचसा जोर खर्ची पडतो. त्यामुळे कन्व्हर्टरच्या मागचे पाइप बदलले, तर ताकदीत पडणारा फरक किरकोळ असतो. पाइप गरजेपेक्षा जाड असेल तर साध्या टर्बोविना इंजिनात धुराचा वेग मंदावून कमी गतीवरची ओढ कमीही होऊ शकते. खरी वाढ हवी असेल तर टर्बोलगतचा पाइप आणि इंजिनाच्या संगणकातला प्रोग्रॅम बदलावा लागतो. काही जण त्यासाठी कन्व्हर्टरच काढून टाकतात. म्हणजे गाडीचं विष थेट मागून येणाऱ्या स्कूटरवाल्याच्या नाकात!

चांगल्या स्टेनलेस स्टीलचा फायदा आहे, हेही सांगायला हवं. तो सहजी गंजत नाही आणि बऱ्याचदा वजनाला हलका असतो. पण पंचेचाळीस हजारांतून भाच्याला जे हवं होतं, ते हे नव्हतंच. त्याला हवा होता आवाज.

कायदा काय म्हणतो?

२००५पासून लागू झालेल्या मर्यादेनुसार नव्या मोटारीचा आवाज ७४ डेसिबलच्या आत असावा लागतो. गाडी वेग घेत जात असताना साडेसात मीटर अंतरावरून तो मोजतात. डेसिबलचं गणित फसवं असतं. दहा डेसिबल वाढले तर आवाजाची ऊर्जा दहापट होते आणि कानाला तो साधारण दुप्पट वाटतो. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे.

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. मालकानं गाडीत नियमबाह्य बदल केले, तर प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आवाजाची आणि धुराची मर्यादा मोडणारी गाडी रस्त्यावर चालवली, तर पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. शिवाय तीन महिने लायसन्स अपात्र. शहराशहरांत पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोड रोलर फिरवल्याची छायाचित्रं आपण पाहिलीच आहेत. वॉरंटी हातची जाते ते वेगळंच. आणि विमा कंपनीला न कळवता बदल केला, तर अपघातानंतर भरपाईच्या वेळी वाद उभा राहू शकतो.

हे सगळं मी भाच्याला सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "मामा, तू एकदा ऐक तरी!"

एक दुपार

त्याच्या मित्राच्या गाडीला अगदी तीच सिस्टिम होती. तिघं मिळून अहमदाबादच्या एक्स्प्रेस वेवर गेलो. पहिली पाच मिनिटं मीही खूश झालो, खोटं कशाला बोलू? पाय दाबला की छातीत घुमणारा तो आवाज तरुण करतो माणसाला. पण पुढे एकाच वेगात गाडी धावू लागली आणि कानात भुंगा शिरल्यासारखी घूं सुरू झाली. ती काही थांबेना. पाऊण तासात माझं डोकं चढलं. गाणी लावली होती, त्यातला एक शब्द कळत नव्हता. भाचाही गप्प होता.

दुपारी दोनच्या सुमाराला मित्रानं आम्हाला खाली सोडलं. आम्ही तिसऱ्या मजल्यावर पोचलो. भाचा किल्ली काढत होता, तेवढ्यात खाली मित्रानं निरोपादाखल दोनदा ॲक्सिलरेटर पिळला. जिन्याच्या पोकळीतून तो आवाज असा वर आला, की हातातली किल्ली हातातच राहिली. खाली कुत्री भुंकू लागली.

समोरचं दार उघडलं. नर्स बाहेर आली. केस विस्कटलेले, डोळे लाल. "क्या हुआ? कुछ फटा क्या?" तिनं घाबरून विचारलं. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "कुछ नहीं, दीदी. सॉरी," भाचा पुटपुटला. तिनं मान हलवली आणि दार लावून घेतलं.

त्या दिवशी पुन्हा सायलेन्सरचा विषय निघाला नाही. मीही काढला नाही. पाऊण तास मी जे सांगत होतो, ते त्या दारानं अर्ध्या मिनिटात सांगितलं होतं. पाय आपला असतो तेव्हा तो आवाज संगीत वाटतो, कारण तो कधी सुरू करायचा आणि कधी थांबवायचा, हे आपल्या हातात असतं. जिन्याच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या माणसाला ती सोय नसते.

कॉलेजच्या गॅदरिंगला आम्ही बेंबीच्या देठापासून ओरडायचो, "आवाज कुणाचा?" तेव्हा उत्तर द्यायला समोर अख्खं सभागृह आपखुशीनं जमलेलं असायचं.

महिन्याभरानं ताईचा फोन आला. भाच्यानं कंपनीचा सायलेन्सर बसवला आणि उरलेल्या पैशांतून चार नवे टायर आणि ब्रेक पॅड घेतले. रविवारी सकाळी गाडी थोडी लांब फिरवून आणतो, म्हणजे सायलेन्सर आतून कोरडा राहतो.

"एकच अडचण झालीय," ताई म्हणाली. "आधी भोक होतं, तेव्हा नाक्यावरूनच कळायचं की हा आला. पोळी तव्यावर टाकता यायची. आता बेल वाजेपर्यंत पत्ता लागत नाही."

"मग?"

"मग काय! बेल वाजली की टाकते. ती माझ्या एकटीच्याच घरात वाजते."