जिंकणें आणि पचविणें

इतिहासाच्या पुस्तकांत राज्यें भराभर वाढतात. एका परिच्छेदांत राजा गादीवर बसतो, दुसऱ्यांत तो शेजारचे चार प्रांत जिंकतो, आणि तिसऱ्यांत त्याच्या साम्राज्याचा नकाशा येतो. तो रंगीत नकाशा पाहून वाचणाऱ्याची अशी समजूत होते कीं, रंग पसरला म्हणजे राज्य झालें. जिंकणें निराळें आणि जिंकलेलें पचविणें निराळें, हा भेद वर्गांत कितीही समजावून सांगितला तरी उत्तरपत्रिकेंत तो क्वचितच उतरतो. आमच्या कांहीं विद्यार्थ्यांना मात्र तो एका खेळानें उमजूं लागला आहे. त्या खेळाची योग्यता किती आणि त्याची मर्यादा कोठें, याचा विचार विद्यार्थी व पालक या उभयतांनीं करावा, एवढ्यासाठीं हा लेख.

हा खेळ संगणकावरचा आहे. ‘इंपरेटर: रोम’ हें त्याचें नांव, स्वीडन देशांतील पॅराडॉक्स या कंपनीनें तो २०१९ सालीं प्रसिद्ध केला. खेळाचा आरंभ इ. स. पू. ३०४ या वर्षीं होतो. पटावर पश्चिमेस ब्रिटन व स्पेन येथपासून पूर्वेस हिंदुस्थानपर्यंतचा प्रदेश मांडलेला असतो. रोम हें त्या वेळीं मध्य इटलींतील एक होतकरू प्रजासत्ताक. अलेक्झांडरचे सेनापति त्याच्या राज्याच्या वांटणीसाठीं एकमेकांशीं झुंजत आहेत. आणि मगधाच्या गादीवर चंद्रगुप्त मौर्य आहे. खेळणारानें यांपैकीं एखादें राज्य निवडावें व इ. स. पू. २७ पर्यंत, म्हणजे सुमारें पावणेतीनशें वर्षें, त्याचा कारभार चालवावा.

हा डाव दोन तऱ्हांनीं खेळतां येतो. पहिली तऱ्हा उतावळ्यांची. सैन्य उभारावें, शेजाऱ्यावर पडावें, तह होतांच दुसऱ्या शेजाऱ्याकडे वळावें. नकाशा झपाट्यानें आपल्या रंगाचा होतो. परंतु खेळ रचणारांनीं येथें एक मख्खी ठेविली आहे. मुलूख घेतला कीं आक्रमकपणाचा एक आंकडा चढूं लागतो. तो जसजसा चढतो, तसतशीं शेजारचीं राज्यें बिथरतात, जिंकलेल्या परकीय प्रजेचें असमाधान वाढतें, प्रांताची निष्ठा ढळते आणि अखेर बंड होतें. शांततेचीं वर्षें जाऊं दिलीं तरच तो आंकडा थोडाथोडा उतरतो. जिंकलेल्या लोकांना नागरिकत्वाचे हक्क देण्याचीही सोय आहे. पण त्यास वर्षें लागतात, आणि नव्यांना वांटा दिला म्हणजे जुने नागरिक थोडे रुसतातच. ज्यांना वांटा मिळाला ते मात्र पुढें आपल्या सैन्यांत उभे राहतात.

दुसरी तऱ्हा संथ विस्ताराची. आमच्या वरच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें रोमचा डाव मांडतांना असा नियम करून घेतला कीं, एक युद्ध संपल्यावर तो आंकडा शून्यावर आल्यावांचून आणि नव्या प्रजेचें समाधान झाल्यावांचून दुसरें युद्ध आरंभावयाचें नाहीं. पहिल्या चाळीस वर्षांत त्यानें तीनच युद्धें केलीं. बाकीचा काळ रस्ते, बाजार आणि हक्कदान यांत घालविला. त्याच सुमारास त्याच्या मित्रानें सारी इटली व्यापून आल्प्स पर्वतापलीकडे हात घातला होता. पण पुढें त्या मित्राचे पांच प्रांत एकाच वेळीं उठले. तो मला म्हणाला, “सर, लढाई एकही हरलों नाहीं, पण राज्य कसें गेलें तें कळलें नाहीं.” हें वाक्य त्यानें सहज उच्चारलें, परंतु प्राचीन इतिहासांतील कित्येक विजेत्यांच्या चरित्रांचें सार त्यांत आलें आहे.

अलेक्झांडरचेंच पहा. इ. स. पू. ३३४ मध्यें तो आशियांत उतरला आणि आठ वर्षांत बियास नदीच्या कांठावर येऊन थडकला. इ. स. पू. ३२३ मध्यें तो बाबिलोन येथें वारला. त्याचा मुलगा पुढें बारा-तेरा वर्षांतच मारला गेला, आणि राज्य सेनापतींच्या हातांत तुकड्या-तुकड्यांनीं गेलें. खेळाचा आरंभ त्याच तुकड्यांच्या भांडणांत होतो. रणांगणावर ज्याचा पराभव कोणी केला नाहीं, त्याच्या घराण्याकडे एका पिढीनंतर राज्य उरलें नाहीं.

याच्या शेजारीं रोमची हकीकत ठेवावी. इ. स. पू. ३३८ मध्यें रोमनें आपल्या बंडखोर लॅटिन मित्रांना जिंकलें. त्यांचा संघ मोडला. पण सर्वांना एकाच मापानें मोजलें नाहीं. लॅन्युव्हियम, अरिशिया यांसारख्या गांवांना पूर्ण नागरिकत्व दिलें. कॅपुआ व क्यूमी या शहरांना नागरिकत्व दिलें, पण मताचा हक्क दिला नाहीं. व्हेलित्री गांवाचा तट पाडून तेथील पुढाऱ्यांना हांकून दिलें. म्हणजे ही कांहीं दयेची कहाणी नव्हे. तरीपण जिंकलेल्या शत्रूला आपल्या घरांत दार ठेवण्याची युक्ति तींत आहे.

हें दार किती सावकाश उघडे, याचें एक उदाहरण ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. आर्पिनम नांवाच्या डोंगरी गांवाला इ. स. पू. ३०३ मध्यें, म्हणजे खेळाच्या आरंभानंतर एका वर्षानें, मतावांचूनचें नागरिकत्व मिळालें. मताचा हक्क मिळावयास इ. स. पू. १८८ साल उजाडलें. मध्यें ११५ वर्षें गेलीं. पुढें याच गांवीं मारियस जन्मला. तो सात वेळां कॉन्सल झाला, आणि इ. स. पू. १०२ व १०१ या लागोपाठच्या वर्षीं उत्तरेकडून आलेल्या ट्यूटन व सिंब्री या टोळ्यांचा त्यानें मोड केला. इ. स. पू. १०६ मध्यें सिसेरोही येथेंच जन्मला. ज्या गांवाला रोमनें कधींकाळीं पाय देऊन दाबलें होतें, त्याच गांवानें रोमला तिचा रक्षक दिला आणि तिचा सर्वांत मोठा वक्ताही दिला. उतावळ्या विजेत्याच्या जमाखर्चांत अशी जमा कधींच पडत नाहीं.

पचविलेल्या राज्याची परीक्षा संकटांत होते. इ. स. पू. २१६ मध्यें कॅनीच्या रणांगणावर हॅनिबालनें रोमची सेना कापून काढली. लिव्हीच्या मतें एका दिवसांत सुमारें ४८ हजार माणसें पडलीं. आतां इटलींतील सारे अंकित लोक उठतील, हा हॅनिबालचा अंदाज. कॅपुआ उठलें. दक्षिणेंतील पुष्कळ लोक उठले. परंतु लॅटिन वसाहती हलल्या नाहींत, आणि कॅपुआसारखेंच अर्धें नागरिकत्व पदरीं असलेलें क्यूमीही हललें नाहीं. इ. स. पू. २०९ मध्यें ३० लॅटिन वसाहतींपैकीं १२ वसाहतींनीं यापुढें माणसें व पैसा देण्याचें नाकारलें. उरलेल्या १८ रोमच्या पाठीशीं उभ्या राहिल्या. हॅनिबाल पंधरा वर्षें इटलींत होता. त्यानें लढाया जिंकल्या, पण त्या १८ गांवांचीं मनें त्याला जिंकतां आलीं नाहींत.

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल कीं, संथपणा हाच यशाचा मंत्र. माझें मत तसें नाहीं, आणि येथेंच या खेळाची पहिली उणीव आहे. खेळांतील तो आक्रमकपणाचा आंकडा खेळणारा नुसता बसून राहिला तरी उतरतो. कोणाचें कांहीं परत करावयास नको, कोणाला कांहीं द्यावयास नको. वर्षें गेलीं कीं लोक विसरले! खऱ्या इतिहासांत लोक असे विसरत नाहींत. रोमच्या इटालियन मित्रांनीं पिढ्यान्‌पिढ्या तिच्या युद्धांत आपलीं मुलें धाडलीं. सैन्यांत त्यांचा भाग निम्म्याच्या घरांत असे. नागरिकत्व मात्र मिळेना. इ. स. पू. ९१ मध्यें ड्रूसस नांवाच्या लोकाधिकाऱ्यानें तें देण्याची सूचना केली, तेव्हां त्याचा खून झाला. मग मित्रांनीं शस्त्र उपसलें. कॉर्फिनियम शहराला इटालिका असें नांव देऊन त्यांनीं तेथें आपली राजधानी केली, आणि आपल्या नाण्यावर रोमच्या लांडगीला शिंगावर घेणारा इटलीचा बैल कोरला. इ. स. पू. ९० मध्यें कायदा करून रोमनें नागरिकत्व देऊं केलें. जें मागून मिळालें नाहीं तें रक्त सांडल्यावर मिळालें; आणि वेलियस या रोमन इतिहासकाराच्या हिशेबानें त्या युद्धांत इटलीचे तीन लाखांहून अधिक तरुण कामास आले. रोमनें येथेंही घाई केली नव्हती. तिनें नुसती दिरंगाई केली होती. तेव्हां दोन युद्धांमधल्या काळांत आपण काय देतों, यावर सर्व अवलंबून आहे. नुसतें थांबणें म्हणजे पुष्कळदा दुसऱ्याच्या विसरण्याची वाट पाहणें होय.

दुसरी उणीव याहून गंभीर आहे. खेळांत शहर पडलें म्हणजे तेथील कांहीं प्रजा गुलाम होऊन आपल्या राजधानीकडे रवाना होते, आणि खजिन्यांतील उत्पन्न वाढतें. पडद्यावर हें सारें एका लहानशा आंकड्यांत आटोपतें. संथ खेळणाराच्याही डावांत हें घडतें. फक्त उशिरानें घडतें. येथें खेळाच्याच पटावर असलेल्या आपल्या देशाकडे वळावें. चंद्रगुप्ताचा नातू अशोक यानें राज्याभिषेकास आठ वर्षें झाल्यावर कलिंग जिंकला. त्यानें आपल्या तेराव्या शिलालेखांत स्वतःच नोंद केली आहे कीं, दीड लाख माणसें तेथून नेलीं गेलीं, एक लाख मारलीं गेलीं, आणि याच्या कित्येक पट मेलीं. जगांतील बहुतेक राजांनीं शिळेवर आपले विजय कोरले. या राजानें आपला पश्चात्ताप कोरला. तेच दीड लाख खेळांत असते तर ते उत्पन्नाच्या रकान्यांत जमा झाले असते. शिलालेखांत ते दुःखाच्या रकान्यांत आहेत. विद्यार्थिमित्रहो, दोन्ही रकाने वाचावयास शिका.

आतां पालकांच्या तक्रारीकडे येतों. हा खेळ वेळ खातो, असें ते म्हणतात. आणि तें खरें आहे. पुरा डाव व्हावयास कैक आठवडे लागतात. परंतु संथ विस्ताराच्या डावाला स्वभावतःच विसाव्याच्या जागा असतात. एक तह झाला कीं त्या दिवसाचा खेळ बंद करावा, आणि नव्या मुलखाला आपण काय दिलें हें वहींत चार ओळींत लिहावें. ज्याला त्या चार ओळी लिहितां येत नाहींत, त्यानें दुसरें युद्ध करूं नये. शालान्त परीक्षेच्या वर्षीं खेळ अजिबात बाजूस ठेवावा. तेवढ्यानें रोम बुडत नाहीं. जेथें थांबविलें तेथेंच तें थांबलेलें असतें. परीक्षा मात्र थांबत नाहीं.

पालकांना माझी एक विनंती आहे. मुलगा किंवा मुलगी पटावर बसलेली दिसली तर केवळ ‘बंद कर’ म्हणून परत फिरूं नका, जवळ बसा आणि विचारा, “गेल्या आठवड्यांत जें गांव घेतलेंस, तेथलीं माणसें आतां कशीं आहेत?” आज पटावर बसणाऱ्या या मुलांपैकीं कोणी उद्यां कचेरींत, कोणी कारखान्यांत, कोणी ग्रामपंचायतींत चार माणसांवर अधिकार चालवील. तेथें नकाशा नसेल आणि आंकडेही दिसणार नाहींत. हाताखालचीं माणसें मुकाट्यानें सोसतील आणि लक्षांत ठेवतील. वरच्या प्रश्नाचें उत्तर ज्याला आज खेळांत शोधावेंसें वाटलें, तो उद्यां तें तेथेंही विचारील, अशी आशा बाळगण्यास जागा आहे.