मामाचं जॅकेट कढईत गेलं

माझ्या मामाकडे एक डेनिम जॅकेट होतं. फिकट निळं, खांद्यात ढगळ, कोपरावर विटलेलं. तो कॉलेजात असताना, म्हणजे १९९०च्या दशकात, पुण्याच्या कॅम्पातून घासाघीस करून घेतलेलं. मी दहावीत असताना आजीनं ते बोहारणीला दिलं आणि बदल्यात कढई घेतली. कढई अजून आहे, आमच्याकडचे पोहे तिच्यातच होतात. गेल्या महिन्यात इन्स्टाग्रामवरच्या एका थ्रिफ्ट पेजवर अगदी तसंच जॅकेट दिसलं. 'नाइंटीज व्हिंटेज, ओन्ली वन पीस', किंमत १८०० रुपये. घेऊ की नको असा विचार करेपर्यंत 'सोल्ड' झालंसुद्धा!

सध्या आपल्या सगळ्यांनाच जुनं हवंय. बॅगी जीन्स, कॉर्डरॉयचा शर्ट, बाबांचा चेक्सचा शर्ट, आईची बांधणीची ओढणी. ज्या काळाच्या आठवणीनं आपण हळवे होतो, त्या काळात आपला जन्मही झालेला नव्हता, ही त्यातली गंमत. पण यात वाईट काहीच नाही. एका सुती टी-शर्टमागे सुमारे २७०० लिटर पाणी खर्च होतं, असा अंदाज नेहमी दिला जातो. मग आहे तोच कपडा आणखी चार वर्षं कुणीतरी वापरला, तर चांगलंच की.

प्रश्न वेगळा आहे. 'थ्रिफ्ट' हा शब्द आपल्याला माहीत नव्हता, तेव्हाही हे काम आपल्या दारात चालूच होतं. डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन येणारी बोहारीण तेच तर करत होती. जुने कपडे घ्यायचे, निवडायचे, धुवायचे, शिवायचे आणि पुन्हा विकायचे. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात आजही फिरा, वापरलेल्या वस्तूंचं अख्खं जग दिसेल. अगदीच चिंध्या झालेल्या कपड्यांपासून पानिपतमध्ये धागा आणि ब्लँकेट्स बनतात. एवढी मोठी साखळी. पण तिच्या पहिल्या टोकाला असलेल्या बाईला आपण जिन्यातच थांबवलं आणि 'या साडीवर अजून एक वाटी दे' म्हणून तिच्याशी अर्धा तास हुज्जत घातली. 'सस्टेनेबल' हे विशेषण तिच्या वाट्याला कधी आलं नाही.

आपल्या आवडत्या दुकानांचंही तसंच. मी अकरावीत असताना पहिल्यांदा मैत्रिणींबरोबर, आईशिवाय, कॅम्पातल्या फॅशन स्ट्रीटला गेले. ट्रायल रूम म्हणजे दोघींनी धरलेली चादर. आरसा एवढा की एका वेळी अर्धीच दिसायचे. दादा सातशे म्हणाला, मी दोनशे म्हणाले, तो हसला, मी निघाले, त्यानं परत बोलावलं. साडेतीनशेला जीन्स मिळाली आणि बसच्या तिकिटाचे पैसेही उरले. आपल्याला काय शोभतं, हे आपलं आपण ठरवायला मी तिथं शिकले. मुंबईकरांसाठी ही जागा त्यांचा फॅशन स्ट्रीट असेल, हिल रोड असेल किंवा कुलाबा कॉजवे. मॉलमध्ये शिरायला बिचकणाऱ्या मुलामुलींना स्टाइल या रस्त्यांनीच दिली.

२६ मार्च २०२१. मी बारावीत होते, परीक्षा होणार की नाही याची चर्चा चालू होती. त्या रात्री पुण्याच्या फॅशन स्ट्रीटला आग लागली. शेकडो दुकानं जळाली. लॉकडाऊनमधून जेमतेम सावरत असलेल्या लोकांचा सगळा माल एका रात्रीत गेला. आम्ही काय केलं? जुने फोटो स्टोरीला टाकले, खाली तुटलेलं हार्ट. दुसऱ्या दिवशी स्टोरी गेली, विषय संपला.

आणि एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. ज्या चिंचोळ्या गल्ल्या, डोक्यावर लोंबणारे कपडे आणि छतापर्यंत रचलेला माल आपल्याला 'भारी वाइब' वाटायचा, त्यानंच आगीला वाट करून दिली. म्हणून 'आमचा फॅशन स्ट्रीट होता तसाच हवा' हा हट्ट बरोबर नाही. बंब आत जाईल एवढा रस्ता, सुरक्षित वायरिंग, बाहेर पडायला मोकळी वाट हे सगळं हवंच. फक्त सुरक्षिततेचं कारण सांगून विक्रेत्यांनाच कायमचं हटवू नये.

यासाठी कायदा आहे. पथविक्रेत्यांसाठी २०१४ मध्ये झालेल्या कायद्यानुसार दर पाच वर्षांनी किमान एकदा विक्रेत्यांचं सर्वेक्षण व्हायला हवं. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचेच हवेत, आणि त्यात एक तृतीयांश महिला. आपल्या शहरात हे सर्वेक्षण शेवटचं कधी झालं, समितीच्या बैठका होतात का, हे महापालिकेला विचारायला माहिती अधिकाराचा एक अर्ज पुरतो. मास कॉमच्या प्रोजेक्टला विषय मिळत नाही म्हणून रडणाऱ्यांनी (त्यात मीही आले) एवढं तरी करावं.

थ्रिफ्ट पेजवाल्यांवर माझा राग नाही. त्यात आपल्याच वयाची मुलं आहेत. कपडे शोधणं, धुणं, फोटो काढणं, पार्सल पाठवणं, ही मेहनतच आहे. फक्त विकत घेताना 'हे कुठून आणलं?' असं विचारायला काय हरकत आहे? आणि पेजवर १८०० रुपये एका शब्दानं न बोलता देणाऱ्या आपण, रस्त्यावरच्या काकांशी पन्नास रुपयांसाठी किती ताणायचं, याचाही विचार करू. घासाघीस जरूर करा, त्यात मजा आहे. पण समोरच्यालाही संध्याकाळी घरी काहीतरी न्यायचं असतं.

मामाला जॅकेटची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "मी दोनशेला घेतलं होतं, तेव्हाही दुकानदार म्हणाला होता, शेवटचा पीस आहे." या रविवारी आम्ही दोघं जुन्या बाजारात जाणार आहोत. जॅकेट मिळेल असं वाटत नाही. पण शोधायला तरी तिथं जाऊ.